मैनेचं आडनाव

त्या केंद्रात संगणकांना पक्ष्यांची नावं होती. हिशेबाच्या टेबलावर घुबड, डॉक्टरांच्या खोलीत बगळा, नोंदणीच्या खिडकीत चिमणी आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मैना. ही पद्धत कोणी सुरू केली ते कोणाला आठवत नव्हतं. हिशेबाच्या बाईंनी घुबडाबद्दल लेखी तक्रार केली तेव्हा त्यांना मोर देऊ करण्यात आला. पण मोर नावाच्या यंत्राचा पंखा फार घरघरायचा, म्हणून त्या घुबडावरच राहिल्या.

ही सगळी यंत्रं सांभाळणारा माणूस एकच. सगळे त्याला सिस्टिम म्हणत. "सिस्टिम आज सुट्टीवर आहे," असं खिडकीतून कोणी म्हणालं की नवे रुग्ण चपला घालायला लागत.

केंद्र घशाच्या रुग्णांचं होतं. ज्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलेलं असे, ती माणसं शस्त्रक्रियेआधी इथं येऊन आपला आवाज मुद्रित करून ठेवत. ते मुद्रण दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेकडे जाई आणि ती संस्था त्यातून आवाज बांधून देई. पुढे रुग्णाने हातातल्या छोट्या पाटीवर शब्द टाइप केले की पाटी त्याच्या आवाजात बोले. आवाज हुबेहूब नसे. पण शेजारच्या खोलीतून ऐकलं तर घरचं माणूस ओळखेल, इतपत असे.

त्या वर्षी सिस्टिमची थोरली बहीण तिथं रुग्ण म्हणून आली.

ताईचं हार्डवेअरचं दुकान होतं. पुढे गल्ला, मागे लांबट गोदाम. गल्ल्यावर ताई बसे, गोदामात भाऊजी असत. गिऱ्हाईक माल सांगे, ताई मान न वळवता हाळी देई आणि भाऊजी आतून तो घेऊन येत. इतकी वर्षं दुकान ताईच्या घशावर चाललं होतं, आणि हे ती स्वतःच सांगायची. गाठ निघाली तेव्हाही डॉक्टरांना म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझं निम्मं दुकानच काढून घेताय."

आवाज मुद्रित करून घेणाऱ्या वाचातज्ज्ञ बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी वाक्यांचे कागद ताईपुढे ठेवले.

"कुंपणावर पांढरी मांजर बसली आहे," ताईने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "मॅडम, हे वाक्य मी जन्मात कधी बोलले नाही. पुढेही बोलायची वेळ येईल असं वाटत नाही."

"त्यातून आम्हाला सगळे ध्वनी मिळतात."

"मग माझ्या मालातून घ्या ना ध्वनी. पितळी बिजागरी, चार इंची, जोडी. आहे काय, नाही काय!"

"तेही घेऊ. आधी मांजर."

"मांजर तर मांजर." ताईने काचेपलीकडे बसलेल्या भावाकडे बघितलं. "ठोंब्या, चालू आहे ना रे तुझं यंत्र? नाहीतर मी इथं मांजरं मोजायची आणि तू तिकडे बटण दाबायला विसरायचास."

"चालू आहे, ताई."

"लाल दिवा कसला मग?"

"लाल म्हणजेच चालू."

"कमाल आहे. आमच्याकडे लाल म्हणजे फ्यूज उडाला."

चार बैठका झाल्या. शेवटच्या बैठकीला ताई स्वतःची वाक्यं घेऊन आली होती. नेहमीच्या हाका, गिऱ्हाइकांशी बोलायची वाक्यं, नातेवाइकांची टोपणनावं. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "आता शिव्या."

"शिव्या?" मॅडम म्हणाल्या.

"गिऱ्हाईक एका खिळ्याचा भाव करायला लागलं, तर मी काय मांजर बसली आहे म्हणू?"

मॅडमनी उठून दार नीट लावून घेतलं. काचेबाहेर सिस्टिमला ऐकू काही आलं नाही; पडद्यावरची रेघ तेवढी पुन्हा पुन्हा वर उसळताना दिसली. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे पुसून लाल झाले होते. हसूनच झाले असावेत.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताई घरी आली, महिन्याभराने दुकानात बसायला लागली. गळ्यावर रुमाल आणि हाताशी एक छोटा पांढरा फळा. फळ्यावर लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. अडचण एवढीच होती की भाऊजी गोदामात असत आणि गोदामातून फळा दिसत नसे.

"घंटा लावून बघितली," भाऊजींनी सिस्टिमला सांगितलं. "एकदा वाजली की बिजागरी, दोनदा वाजली की कडी. परवा एका गिऱ्हाइकाने तिचं डोकं खाल्लं, तिने रागाने पाचदा वाजवली. मी नळाचा पाइप घेऊन बाहेर."

ताईने फळ्यावर लिहिलं: तोच पाइप घालणार होते डोक्यात. कोणाच्या ते विचारू नको.

"आवाज कधी येतोय रे?" भाऊजींनी विचारलं. "रोज विचारते. म्हणजे लिहिते."

"थोडं अडलंय, भाऊजी. या आठवड्यात जाईल इथून."

अडलं होतं ते खरं होतं. केंद्र एका मोठ्या रुग्णालयाने आपल्यात सामील करून घेतलं होतं. आवाज बांधणाऱ्या संस्थेचा केंद्राशी असलेला जुना करार संपला होता आणि नवा करार रुग्णालयाशी झाला होता. संस्था आता मुद्रणं घेणार होती ती फक्त रुग्णालयाच्या यंत्रांकडून. यंत्र रुग्णालयाचं आहे की नाही, हे ती ओळखणार होती यंत्राच्या पूर्ण नावावरून.

जाळ्यावरच्या संगणकाचं पूर्ण नाव दोन भागांचं असतं. पहिला भाग त्याचा स्वतःचा. त्याला होस्टनेम म्हणतात. दुसरा भाग तो ज्या संस्थेतला आहे तिचा. त्याला डोमेन म्हणतात. मॅडमना हे समजावताना सिस्टिमने नाव आणि आडनाव असं सांगितलं होतं, आणि त्याहून सोपं सांगायची गरज पडली नव्हती. आतापर्यंत मैना, घुबड, बगळा या सगळ्यांचं आडनाव एकच होतं, केंद्राचं. आता ते बदलून रुग्णालयाचं लावायचं होतं.

मैनेचं यंत्र जुनं होतं. रुग्णालयाने तिच्यासाठी नवं यंत्र पाठवलं आणि सोबत सूचना पाठवल्या: आधी नव्या यंत्राला पूर्ण नाव द्यावं, जुनं यंत्र पुसून गाडीबरोबर परत पाठवावं, ते निघालं की नव्या नावाचं प्रमाणपत्र मुख्य कार्यालयातून मिळेल, मग नव्या यंत्रावर काम सुरू करावं.

सिस्टिमची स्वतःची एक रीत होती. जुनं यंत्र गेलं की नवं यंत्र त्याच नावाने बसवायचं. त्यामुळे कोणाला काही नवं शिकावं लागत नसे. मुद्रणाचं सॉफ्टवेअर मैनेला शोधे, छपाईचं यंत्र मैनेला ओळखे, मॅडम मैनाच म्हणत. एरवी तो आधी जुन्या यंत्रावरचं सगळं नव्यावर घेई, जुनं जाळ्यावरून काढी आणि सगळ्यात शेवटी नव्याला नाव देई. क्रम चुकायची भीतीही नसे, कारण एका नावाची दोन यंत्रं जाळ्यावर आली की नावांची नोंद ठेवणारा सर्व्हर दुसऱ्याला घ्यायला साफ नकार देई आणि सिस्टिमच्या पडद्यावर लाल पट्टी येई.

या वेळी क्रम रुग्णालयाने ठरवला होता. नाव आधी.

सकाळी त्याने नवं यंत्र मुद्रणाच्या खोलीत जुन्याच्या शेजारी मांडलं, लिनक्स ही कार्यप्रणाली चढवली आणि होस्टनेम ठरवणारी एका ओळीची आज्ञा दिली. यंत्राने काही कुरकूर केली नाही. मग त्याने यंत्राला त्याचं पूर्ण नाव विचारलं. उत्तर आलं: मैना. नुसतंच मैना, मागे काही नाही.

"झालं का नामकरण?" मॅडम दारातून म्हणाल्या.

"नाव लागलं. आडनाव लागत नाहीये."

"लग्नाआधी माझं उलट होतं. आडनाव सगळ्यांना माहीत, नाव कोणाला नाही. शाळेत बाबाच मुख्याध्यापक."

"आज्ञा नुसतं नाव देते," सिस्टिम म्हणाला. "आडनाव एका वेगळ्या फाइलमध्ये लिहावं लागतं. क्रम ठरलेला असतो. आधी यंत्राचा पत्ता, मग पूर्ण नाव, मग नुसतं नाव. उलटं लिहिलं तर यंत्र पहिलं दिसलेलं खरं धरून बसतं."

"आणि हे सगळं तुमच्या डोक्यात असतं?"

"दर वेळी विसरतो. दर वेळी शोधतो."

त्याने होस्ट्स नावाची ती फाइल उघडली, ओळ लिहिली, फाइल जतन केली आणि पुन्हा विचारलं. आता यंत्राने मैना म्हटलं आणि तिच्यापुढे टिंब देऊन रुग्णालयाचं लांबलचक आडनाव लावलं. सर्व्हरनेही नोंद घेतली. लाल पट्टी आली नाही. येणारही नव्हती: जुनी मैना केंद्राची, नवी मैना रुग्णालयाची. सर्व्हर पूर्ण नाव बघतो आणि पूर्ण नावं वेगळी होती.

त्याने त्यानंतर प्रत्येक नव्या यंत्रावर चढवायचं नेहमीचं सामान चढवलं. त्यात संध्याकाळी यंत्राची प्रत काढून ठेवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, होती.

केंद्राची वायरिंग जुनी असल्यामुळे रात्री यंत्रं चालू ठेवायची मनाई होती. म्हणून प्रत काढायचं काम यंत्र बंद होताना होई. स्क्रिप्ट यंत्राला त्याचं नाव विचारी, तळघरातल्या साठवणीच्या डब्यात त्या नावाचा कप्पा उघडी आणि कप्पा यंत्रासारखा करून ठेवी. यंत्रावर नवीन आलेलं कप्प्यात जाई. यंत्रावर नसलेलं कप्प्यातूनही काढलं जाई. डबा लहान होता, मोठा घ्यायची मंजुरी आली नव्हती, म्हणून सिस्टिमनेच ती तशी लिहिली होती. स्क्रिप्ट फक्त नाव विचारी. आडनाव विचारत नसे. लिहिली तेव्हा त्या इमारतीत आडनाव एकच होतं.

दुपारी चिमणीच्या खिडकीतून फोन आला. रुग्णालयाची गाडी जुनी यंत्रं न्यायला आली होती; उद्या यायची ती आज आली होती.

"उद्या या म्हणावं," सिस्टिम म्हणाला.

"तो म्हणतोय उद्या दुसऱ्या गावाला गाडी आहे. मग थेट पुढच्या महिन्यात."

जुनी मैना परत गेल्याशिवाय नव्या मैनेचं प्रमाणपत्र सुटणार नव्हतं, आणि प्रमाणपत्राशिवाय संस्था मुद्रण घेणार नव्हती. पुढच्या महिन्यात म्हणजे ताईला आणखी महिनाभर घंटा. सिस्टिमने साठवणीच्या डब्यातला मैनेचा कप्पा उघडून बघितला. कालच्या संध्याकाळपर्यंतचं सगळं तिथं होतं. ताईच्या नावाच्या फाइली होत्या. त्याने एक उघडून ऐकलीसुद्धा. ताई म्हणत होती, "सुटे नाहीत, चॉकलेट देऊ का?" फाइल धडधाकट होती. आता प्रत आहेच, उद्या सकाळी तिच्यावरून नव्या यंत्रावर घेऊ, असं त्याने ठरवलं. मग नियमाप्रमाणे जुन्या यंत्राची तबकडी शून्यांनी भरून पुसली. रुग्णांचं काही बाहेर जाऊ नये म्हणून तसा नियम होता आणि तो हे काम चोख करत असे. गाडीवाल्याची सही घेतली. संध्याकाळी प्रमाणपत्र आलं.

त्या दिवशी मॅडम जरा लवकर निघाल्या. निघताना त्यांनी रोजच्यासारखा दिवा बंद केला, पंखा बंद केला, मैना बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टिमने मैनेचा कप्पा उघडला. त्यात तीन फाइली होत्या. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरबरोबर नमुना म्हणून येतात त्या: एक घंटी, एक टाळी आणि एक परका पुरुष आकडे मोजत असलेला.

त्याने कप्पा बंद करून पुन्हा उघडला. मग नोंदी उघडल्या. नोंदीत सगळं लिहिलेलं होतं. मैना नावाच्या यंत्राने संध्याकाळी जोडणी केली. आपल्याकडे तीन फाइली असल्याचं सांगितलं. कप्प्यातल्या बाकीच्या सगळ्या फाइली यंत्रावर नव्हत्या, म्हणून काढून टाकल्या. शेवटी यशस्वी असा शेरा होता.

मॅडम आल्या तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता आणि पडदा चालू होता.

"झालं घेऊन?" त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "आज पाठवता येईल ना ताईंचं?"

"मॅडम, गेलं."

"पाठवलंत? एवढ्यात?"

"नाही. गेलं."

त्याने सांगितलं. त्या उभ्यानेच ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पण मी तर काल फक्त बंद केलं यंत्र. रोज करते तसं."

"तुमचं काही चुकलं नाही."

"मी राहिले असते थोडा वेळ तर..."

"तर थोड्या वेळाने गेलं असतं."

संस्थेकडे पाठवायच्या रांगेत तिघांची मुद्रणं होती. दोघांची शस्त्रक्रिया व्हायची होती. त्यांना फोन करून पुन्हा बोलावण्यात आलं आणि ते थोडी कटकट करत आले. तिसरी ताई होती.

काढून टाकलेली फाइल लगेच मरत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते आणि त्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत ती तिथंच असते. सिस्टिमला हे माहीत होतं, म्हणून त्याने तळघरात जाऊन डबा तारेपासून उपटला. पण मॅडम लवकर गेल्या होत्या आणि बाकीचे नंतर. त्यांच्यानंतर घुबड बंद झालं होतं, चिमणी बंद झाली होती, आणि सगळ्यात शेवटी बगळा. बगळ्यावर त्या दिवशी घशात उतरवलेल्या दुर्बिणीचे लांबच लांब व्हिडिओ होते. मोकळी जागा त्यांनी भरून टाकली होती.

डबा त्याने गेलेली माहिती काढून देणाऱ्या एका दुकानात नेला. दुकानदाराने तो आठवडाभर ठेवून घेतला. "थोडं निघालंय," असा फोन आला तेव्हा सिस्टिम जेवण टाकून गेला. निघाले होते ते काही सेकंदांचे तुकडे. एका निवृत्त पोस्टमास्तरांचे. त्यांचा आवाज कधीच बांधून त्यांच्या घरी पोचला होता.

पण हे सगळं नंतरचं. ताईला त्याने त्याच दिवशी सांगितलं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. ताईने त्याला सरकवायचा कोयंडा काढून दाखवला, दोन बोटांनी भाव सांगितला, माल बांधून दिला. गिऱ्हाईक गेल्यावर भावाकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. काय रे, असा त्याचा अर्थ होता.

"ताई, तुझं मुद्रण पुसलं गेलं. माझ्याकडून."

ताईने फळा घेतला. सगळं?

"सगळं."

तिने बोटाने ते पुसलं आणि लिहिलं: शिव्या पण?

"हो."

भाऊजी आतून आले. त्यांनी आधी ताईकडे बघितलं, मग फळ्याकडे, मग सिस्टिमकडे. "काय झालंय? कसल्या शिव्या?"

सिस्टिमने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी साधं वाटत होतं: नव्या यंत्राला जुन्याचं नाव दिलं, म्हणून जुन्याचा माल गेला.

"एवढंच?" भाऊजी म्हणाले. "नावामुळे?"

"हो."

"मग दुसरं नाव द्यायचं होतंस! पक्षी काय कमी आहेत? कावळा द्यायचास!" त्यांचा आवाज चढला. "जगाची यंत्रं सांभाळतोस तू. तिथल्या हिशेबाच्या बाईचा एक कागद हरवला नाही कधी तुझ्या हातून, आणि घरचं एक काम... सख्ख्या बहिणीचं... तिने काय मागितलं होतं रे तुझ्याकडे आजवर?"

ताईने फळा गल्ल्यावर पालथा घातला. तिला काही म्हणायचं असलं की तो उताणा असे. पालथा म्हणजे बोलणं संपलं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. पुढच्या बाजूला एक प्लंबर येऊन उभा होता. ताई उठली आणि त्याला हव्या त्या मापाचा वायसर शोधायला लागली.

मग गोळाबेरीज सुरू झाली. मॅडमनी सांगितलं, कुठूनही, कसलाही आवाज आणा, संस्थेला विनंती करून बघते. भाऊजींनी फोन उपसला. ताईला निरोप मुद्रित करून पाठवायचा कंटाळा होता. ती सरळ फोन लावी आणि फोनवरचं बोलणं कोणी साठवत नाही. व्हिडिओ होते, पण त्यात बहुतेक वेळा ती कॅमेऱ्यामागे होती. "हलू नका." "अहो, तुमचं पोट." "घेतला का? लागला का दिवा?" एका लग्नातली दोन वाक्यं होती, मागे वाद्यं. दुकानाच्या नव्या पाटीच्या वेळचं एक लांब बोलणं होतं, त्यात पूर्ण वेळ ड्रिल चालू. सिस्टिमने एकेक वाक्य सुटं केलं, गोंगाट जमेल तितका खरवडून काढला. सगळं एकामागोमाग लावलं तर ते ऐकून संपेपर्यंत चहा थंडही झाला नाही.

संस्थेचं उत्तर सभ्य होतं. एवढ्या सामग्रीतून रुग्णाचा आवाज बांधता येणार नाही. त्याच वयाच्या दुसऱ्या एका स्त्रीच्या आवाजाला या नमुन्यांचा जमेल तेवढा आकार देता येईल. साम्याची खात्री देता येणार नाही.

"द्या म्हणावं," भाऊजी म्हणाले. ताईने खांदे उडवले.

पाटी आली तेव्हा सिस्टिम ती घेऊन दुकानात गेला. मधल्या काळात ताई त्याच्याशी पुन्हा लिहून बोलायला लागली होती, कामापुरतं. भाऊजी गोदामात होते. नवा माल लावत होते, आतून खोके सरकवल्याचा आवाज येत होता. त्यांना पाटी आल्याचं माहीत नव्हतं.

"तू आधी बघ," सिस्टिम म्हणाला. "आवडली नाही तर परत करू."

ताईने पाटी समोर धरली, चष्मा खाली ओढला आणि एका बोटाने टाइप केलं. मग बटण दाबलं.

"अहो, साखळी आणा, तीन मीटर."

आवाज वाईट नव्हता. स्वच्छ होता, शहाण्यासारखा होता. ताईचा नव्हता. ताई शब्द सोडताना शेवटी खाली आपटायची, जसं गल्ल्यावर वजन ठेवावं. ही बाई शेवटी हलकंसं वर जात होती, विचारल्यासारखी. सिस्टिमला पहिल्या शब्दाला कळलं. ताईलाही कळलं. तिने पाटी लगेच खाली ठेवली आणि फळ्याकडे हात नेला.

आत एक खोका पडला. भाऊजी धावत बाहेर आले, हातात साखळीचं अख्खं रीळ, डोळे भरलेले.

"आली!" ते म्हणाले. "अगं, आली! बाई गं, मी आत उभा, आणि कानावर... अगदी तीच! तस्सीच!"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग फळ्यावर लिहिलं: खरंच?

"खरंच म्हणजे काय! डोळे मिटून सांगतो." त्यांनी खरोखरच डोळे मिटले. "पुन्हा लाव. लाव ना."

तिने लावलं नाही. ती नवऱ्याचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा न्याहाळत होती. तो खोटं बोलत नव्हता. तेवढं तिला त्याच्याबद्दल माहीत होतं. खोटं बोलताना तो नेहमी काहीतरी मोजायला घ्यायचा.

तिने फळा भावाकडे वळवला. त्यावर अजून तोच शब्द होता.

सिस्टिमने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. हा तुझा आवाज नाही, ताई, असं तो म्हणणार होता. पण म्हणण्याआधी एकदा ताडून बघावं म्हणून त्याने तिचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. काल-परवाचा नाही, लहानपणचा. अंगणातून, जिन्यावरून, शाळेच्या फाटकातून मारलेल्या हाका. सगळ्या हाका आठवल्या. शब्द न् शब्द आठवला. पण तो प्रत्येक शब्द शेवटी हलकासा वर जात होता.

"ताई," तो म्हणाला, आणि पाटी तिच्याकडे सरकवली.

ताईने मान हलवली. फळा पुसला, कोरडा करून गल्ल्याखाली ठेवून दिला.

दारात एक सुतार आला. त्याला कपाटासाठी बिजागऱ्या हव्या होत्या. ताईने त्याचं माप ऐकून घेतलं, पाटी ओढली आणि टाइप करायला लागली. भाऊजी साखळीचं रीळ घेऊन आत गेले होते.

"बिजागरी, तीन इंची, सहा जोड्या," पाटी म्हणाली.

"आलो गं," भाऊजी आतून म्हणाले.